हार्दिक स्वागत, तांदूळ तीन किलो

न्हावऱ्याच्या हौसआबांना देवानं उंची बेताची दिली, केस तर चाळिशीतच परत मागून घेतले, पण आवाज असा दिला की त्यांनी ओट्यावरून चहा मागितला की तीन घरं सोडून राहणारी चुलतसून उगाच आधण ठेवायची. पोरवयात ते ओढ्याच्या अलीकडून एक हाळी द्यायचे आणि पलीकडच्या म्हशी आपणहून घराकडं वळायच्या. म्हशी घाबरून वळायच्या, असं त्यांच्या बायकोचं, कस्तुराबाईंचं म्हणणं आहे. पण कस्तुराबाई काय, काहीही म्हणतात.

पुढं गावात लाऊडस्पीकर आला, माईक हौसआबांच्या हातात पडला, आणि तो चाळीस वर्षं सुटला नाही. जत्रेत वर्गणीदारांची नावं पुकारायची ती आबांनी, आखाड्यात पैलवानांची जोड पुकारायची ती आबांनी, आणि लग्नात तर विचारूच नका. आपल्याकडं लग्नाला भटजी दहा मिनिटं उशिरा आला तर चालतो, पण नावं पुकारणारा हलून चालत नाही. कोण सोसायटीचे माजी चेअरमन, कोण दूध संघाचे संचालक, कोण नुसतेच कडक इस्त्रीचे. प्रत्येकाचं मंडपात आगमन झालेलं असायचं आणि प्रत्येकाचं ‘हार्दिक, हार्दिक स्वागत’ व्हायचं. हार्दिक दोनदा. एकदाच म्हटलं तर ते मनापासून वाटत नाही, असं आबांचं मत होतं. मुहूर्त टळून जायचा, नवरदेव घामानं भिजायचा, भटजी घड्याळाकडं बघून सुस्कारे टाकायचे, पण नावं काही संपायची नाहीत. न्हावऱ्याची शाळेतली पोरं रस्त्यानं त्यांची नक्कल करत जायची. आबा ओट्यावर बसून ते ऐकायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे.

एकदाच घोटाळा झाला. दौंडच्या एका कार्यालयात लग्न होतं आणि आबांच्या तोंडून नेमकं त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं, गोकुळरावांचं नाव राहिलं. गोकुळराव अर्धा तास मंडपाच्या दारात उभे राहिले, आत काही आले नाहीत. मग न जेवता गाडीत बसून निघून गेले. त्यानंतर नऊ भाऊबीजा कस्तुराबाईंच्या ओवाळणीच्या ताटापुढं भाऊ नव्हता, आणि नऊही वेळा त्यांनी नवऱ्याला ते ऐकवलं. तेव्हापासून आबांनी हाय खाल्ली. मंडपात पाय टाकील त्याचं नाव घ्यायचंच. एकदा तर खुर्च्या न्यायला आलेल्या टेंपोवाल्याचंही आगमन झालं आणि हार्दिक स्वागतही झालं. बिचारा टेंपो तसाच सोडून नवरा-नवरीला द्यायला आहेर शोधत फिरला.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. ज्यानं चाळीस वर्षं शिरूर-दौंडची नावं पुकारली, त्याचं स्वतःचं नाव कुणी कधीच पुकारलं नाही. पुकारणार कोण? माईक त्याच्याच हातात.

मग दिवस फिरले. डीजे आले, शेरोशायरी करणारे शेरवानीतले निवेदक आले, आणि आबांचा माईक कपाटावर जाऊन बसला. माईक गप्प बसला, आबा थोडेच बसतात? घरातच सुरू झालं. ‘सौभाग्यवती कस्तुराबाई यांचं स्वयंपाकघरातून आगमन झालेलं आहे!’ दोन महिने हे सोसल्यावर कस्तुराबाईंनी सणसवाडीला सुनेला फोन लावला. म्हणाल्या, “स्नेहल, महिनाभर ह्यांना तिकडं ने बाई. माज्या कानाला जरा सुट्टी दे.”

मुलगा इंद्रजीत सणसवाडीच्या एका कंपनीत सुपरवायझर. सून स्नेहल घर सांभाळून चार बायकांबरोबर धान्यघर चालवायची. मधे एका ठेकेदाराची पुष्कळ माणसं एकदम घरी बसली. चाळींमधून चुली अर्धपोटी पेटायला लागल्या, तेव्हा या बायकांनी पोपटरावांचा रिकामा गाळा मागून घेतला, फळ्या ठोकल्या आणि त्यावर मांडलं तांदूळ, डाळ, तेल, कांदे. देणाऱ्यानं आणून ठेवायचं, लागेल त्यानं घेऊन जायचं. दर शनिवारी दुपारी चार ते सहा. भिंतीवर पाटी होती: ‘लागेल तेवढं न्या. इथं कुणी काही विचारत नाही.’

हौसआबांना पहिल्या शनिवारी कांदे मोजायला बसवलं. घरचेच कांदे, न्हावऱ्याहून आणलेले. आबांनी पाऊण तास तोंड उघडलं नाही. हा त्यांच्या आयुष्यातला विक्रम समजायला हरकत नाही. पण आतून जीव नुसता कासावीस होत होता. बायका खाली मान घालून येत होत्या, पिशवी भरत होत्या आणि कुणी ‘या’ म्हणायच्या आत जात होत्या. ना नाव, ना गाव.

घरी आल्यावर आबा सुनेला म्हणाले, “काय ही रीत तुमची? दारात माणूस येतंय, आन् तुम्ही त्याला नाव सुदिक इचारत न्हाई. आपल्यात असं आलंय का कवा?”

“आबा, तोच नियम हाय. नाव विचारायचं न्हाई,” स्नेहल म्हणाली.

आबांनी मान डोलावली. पण त्या आठवड्यात ते न्हावऱ्याला जाऊन आले, आणि येताना एसटीत त्यांच्या मांडीवर धोतराच्या पानात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. नातवाला शेंगा आणल्या असतील असं स्नेहलला वाटलं. शेंगा कुठल्या!

दुसऱ्या शनिवारी स्नेहलला शिक्रापूरला जावं लागलं. तिथल्या एका दुकानदारानं तूरडाळीचं पोतं देऊ केलं होतं. ती म्हणाली, “आबा, तासाभरात येते. तवर जरा बघा.” बघा म्हणाली, बोला नव्हे. पण तेवढा फरक कोण करतो? तिची गाडी वळणाआड गेली आणि इकडं गाठोडं सुटलं. माईकवर टकटक झाली. फू फू झालं. भोंगा रस्त्याकडं तोंड करून शटरला लटकला.

पहिली बाई आली. आबांनी प्रेमानं विचारलं, “ताई, नाव काय आपलं? गाव कुठलं? राहायला कुठं?” ती बिचारी घाबरली, वाटलं आता नोंद करावी लागते. म्हातारं माणूस इतक्या आदरानं विचारतंय म्हणून तिनं सांगून टाकलं.

आणि सबंध सणसवाडीनं ऐकलं:

“परभणी जिल्ह्यातून आलेल्या, सध्या मुक्काम पाण्याच्या टाकीमागची चाळ, खोली नंबर सात, सौभाग्यवती राजश्रीताई यांचं धान्यघरात आगमन झालेलं आहे! त्यांनी तांदूळ तीन किलो, तूरडाळ एक किलो, गोडेतेल एक पिशवी यांचा स्वीकार केलेला आहे. त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत!”

शाळेतले शनिवारचे जादा तास नुकतेच सुटले होते. वडापावच्या गाडीवर पोरं होती, रस्त्याच्या कडेला शाळेतल्या बाई रिक्षाची वाट बघत होत्या. राजश्रीनं पदर तोंडावर ओढला आणि पिशवी छातीशी धरून ती जवळजवळ पळाली. आबांना वाटलं, लाजली. चांगल्या घरची दिसतेय.

तासाभरात सतरा आगमनं झाली. स्नेहलला ती हायवेच्या वळणावरूनच ऐकू आली. गाडी उभी करायच्या आधी तिनं पळत जाऊन बोर्डातली पिन ओढली. तिच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती. पण सासऱ्याच्या तोंडावर असं समाधान होतं, की ती नुसतं म्हणाली, “आबा, हे काय केलंत हो!”

“सतरा नावं घेतली,” आबा घाम पुसत म्हणाले, “एक चुकलं न्हाई.”

तिसऱ्या शनिवारी चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजले. एक माणूस फिरकलं नाही. फळ्या भरलेल्या, डाळीचं नवं पोतं फोडून ठेवलेलं, मेथीच्या जुड्या माना टाकत चाललेल्या. चार बायका एकमेकींकडं बघत होत्या. आबा मात्र खूश. म्हणाले, “बघा, हटली सणसवाडीतली भूक! पंधरा दिवसांत हटवली.”

आता मात्र स्नेहलचा बांध फुटला. लग्न होऊन बारा वर्षं झाली, सासऱ्यापुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता. तो आज चढला. “भूक तशीच हाय आबा! लोकं तुमच्या माईकला भ्यायलीत. लग्नाला माणूस मिरवायला येतंय. इथं बाई शेजारणीला सुद्धा न सांगता येती. तुम्ही तिला खोली नंबरासकट गावभर वाजवली.”

“नाव घेतलं, शिव्या न्हाई दिल्या,” आबांनाही राग आला. “नाव घेतल्यानं कुणाचा अपमान हुतोय व्हय? न घेतल्यानं हुतोय. इचार तुझ्या सासूला!” आणि एका पिशवीत तांदूळ, डाळ, तेल भरून ते तणतणत उठले. “मीच जातो. खोली नंबर सात. मला पत्ता पाठ हाय.”

पत्ता पाठ असणारच. तो तर आता सगळ्यांनाच पाठ होता.

पाण्याच्या टाकीमागं चाळीच्या अंगणात पाच-सात पोरं खेळत होती. आबा कोपऱ्यावर आले आणि थबकले. पोरांतला एकजण मुठीचा माईक करून, छाती फुगवून ओरडत होता, “आगमन झालेलं आहे!” आबांचा राग कुठल्या कुठं पळाला. नक्कल! त्यांचीच नक्कल. न्हावऱ्यात होते तशी. अगदी तो ‘झालेलं’वरचा हेल सुद्धा पोरानं बरोब्बर उचलला होता. आबांचा हात मिशीकडं गेला.

“खोली नंबर सात!” पोरगं ओरडलं. “सायलीबाई! तांदूळ तीन किलो! हार्दिक, हार्दिक स्वागत!”

सगळी पोरं खिदळली. नळापाशी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी हंडा घेऊन उभी होती. तिनं वर बघितलं नाही. हंडा अर्धाच भरला होता, तरी तो उचलून ती खोलीत गेली आणि दार लागलं. दारावर सात आकडा होता.

आबांचा हात मिशीपर्यंत पोचलाच नाही. तो तसाच खाली आला. स्वतःचा आवाज त्यांनी चाळीस वर्षं कानभरून ऐकला होता, पण तो एखाद्या पोरीच्या अंगावर असा पडताना त्यांनी कधी बघितला नव्हता. त्यांना लाज वाटली. इतकी, की तिथूनच परत फिरावं असं वाटलं. पण हातात पिशवी होती, म्हणून त्यांनी दार वाजवलं.

राजश्रीनं दार उघडलं. ओळखलं. चिडली असती तर बरं झालं असतं, पण तिनं “या आबा, बसा” म्हटलं, चटई टाकली, तांब्यातलं पाणी दिलं. नवरा काम शोधायला कोरेगावला गेला होता. चूल थंड होती, आणि तिच्याशेजारी परातीत मूठभर पीठ होतं. सायली पाठ करून पुस्तक उघडून बसली होती. पान काही उलटत नव्हती.

“ताई, माजं चुकलं,” आबा म्हणाले. हे दोन शब्द कस्तुराबाईंनी सुद्धा त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. “एवढं ठेवून घे.”

“नको आबा. आमचं भागतंय,” राजश्री म्हणाली. “तुमच्यावर राग नाही. तुम्ही मानानंच बोलला. पण पोरगी चार दिवस शाळेत गेली नाही बघा.” तिनं पिशवी उचलून हळूच त्यांच्या हातात परत दिली.

त्या तीन किलो तांदळाचं ओझं आबांना कधी झालं नसतं. शेतात पोती उचललेला माणूस. पण सणसवाडीच्या रस्त्यानं परत येताना ती पिशवी त्यांनी चार वेळा हात बदलून धरली. आवाज परत घेता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. बोललेलं पोरांच्या तोंडी बसलं होतं. ते उठवायचं तर पोरांना दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. नवं. ह्याच्यापेक्षा मजेचं. आणि मजेचं काय असतं, ते चाळीस वर्षं पुकारणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला नको.

घरी आल्यावर ते सुनेला म्हणाले, “स्नेहल, एक शनिवार माईक लावू दे. शेवटचा. मग तू म्हणशील तिथं फेकून देतो.” स्नेहलनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि कशी कोण जाणे, हो म्हणाली.

आबांनी डायरी काढून फोन लावले. चेअरमन, माजी चेअरमन, संचालक, गाळ्याचे मालक पोपटराव, झाडून सगळे. “शनिवारी चार वाजता धान्यघरात या. माईक हाय,” एवढंच सांगितलं. कार्यक्रम कसला, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. माईक आहे म्हटल्यावर विचारायचं काय? शनिवारी चारला दहा कमी असतानाच गाळ्यापुढं पांढरेशुभ्र कपडे गोळा झाले. पोपटराव तर केसांना कलप लावून आले होते. शाळेतले जादा तास सुटले. वडापावच्या गाडीवर पोरांचा घोळका थांबला. आबांनी तेवढीच वाट बघितली होती.

टकटक. फू फू.

“मुक्काम पोस्ट न्हावरे येथील प्रगतिशील शेतकरी, बारा एकर बागायत, चार म्हशींचे मालक, हौसराव दगडू शेलार यांचं धान्यघरात आगमन झालेलं आहे! त्यांनी तांदूळ तीन किलो, तूरडाळ एक किलो, गोडेतेल एक पिशवी यांचा स्वीकार केलेला आहे!” आणि आबांनी एका हातात माईक धरून दुसऱ्या हातानं स्वतःच्याच काखेत पिशवी मारली.

मग आवाज आला, “गाळामालक, दानशूर, पोपटराव यांचं आगमन झालेलं आहे!” नाव कानावर पडलं की हात जोडून पुढं व्हायचं, ही पोपटरावांच्या अंगात मुरलेली सवय. ते हसत पुढं आले. स्नेहलनं त्यांच्या जोडलेल्या हातांत पिशवी ठेवली. “तांदूळ तीन किलो! तेल एक पिशवी! हार्दिक, हार्दिक स्वागत!” पोपटरावांचं हसू तोंडावर तसंच वाळलं. माईक चालू, समोर निम्मी सणसवाडी, पिशवी टाकताही येईना आणि धरताही येईना. पाठोपाठ माजी चेअरमन, पाठोपाठ संचालक. एकाला सुटका नव्हती. नाव घेतलं नाही तर रुसणार, घेतलं तर पिशवी पदरात. चौदा पांढरे सदरे चौदा पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहिले, आणि वडापावच्या गाडीवर पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. पोपटरावांनी पुढं आठ दिवस आबांशी अबोला धरला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धान्यघराच्या दारात तांदळाचे दोन कट्टे येऊन पडले. तीन किलो घेतल्याचा डाग तेवढ्यानं धुतला जातो असा त्यांचा हिशेब असावा.

आबांना मात्र डाग धुता आला नाही. कुणीतरी शूटिंग केलं आणि दिवे लागायच्या आत ते न्हावऱ्याच्या ग्रुपवर पोचलं. फोनवर फोन. “आबा, काय अडचण हाय का?” “आबा, इंद्रजीत बघत न्हाई का तुम्हाला?” भावकीतल्या एकानं तर हळू आवाजात दोन पोती गहू पाठवतो म्हणून सांगितलं. कस्तुराबाई कडाडल्या, “घरात कणग्या भरल्यात आन् तुम्ही शिधा घेत फिरताय? मी हितं तोंड कुठं दाखवू?” आबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला. राजश्रीनं पदर तोंडावर का ओढला, ते आता त्यांना समजलं.

“कस्तुरा,” ते शेवटी म्हणाले, “दहा-बारा दिस दाखवू नको तोंड. मग हुतंय नीट.”

पुढच्या शनिवारी भोंगा नव्हता. आबा कांद्यांपुढं बसले होते, खाली मान घालून. सव्वाचारला एक बाई आली. मग दोघी. मग चाळीतली एक म्हातारी, मग बिहारकडचा एक पोरगेला कामगार. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, पिशव्या भरत होत्या. पाचच्या सुमाराला ओळखीच्या हिरव्या साडीचा काठ आबांना कांद्यांच्या ढिगापलीकडं दिसला. शेजारी दोन छोटे पाय. जिभेच्या टोकावर नाव आलं. परभणी जिल्हा आला, खोली नंबर आला. दौंडच्या लग्नापासून आजवर, नाव ठाऊक असलेल्या एकालाही आबांनी न पुकारता सोडलं नव्हतं.

“आबा, मी राजश्री,” ती हळूच म्हणाली. “वळखलं न्हाई का?”

“न्हाई बा,” आबा मान वर न करता म्हणाले. “वय झालं. कांदं किती देऊ?”

“द्या दोन किलो.” तिच्या आवाजात हसू होतं. आबांनी साडेतीन मोजले आणि पिशवीत लोटले. त्या दोघी मायलेकी निघाल्या. राजश्री रस्ता ओलांडायला थांबली, तेवढ्यात सायली आईचा हात सोडून गाळ्याच्या दारात परत आली. तिनं मूठ तोंडापुढं धरली, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या सणसवाडीला ऐकू जाईल अशी ओरडली,

“मुक्काम पोस्ट न्हावरे! हौसराव दगडू शेलार! तांदूळ तीन किलो! हार्दिक, हार्दिक स्वागत!”

हेल अगदी बरोब्बर होता. स्नेहल हसत सुटली, बायका हसल्या, रस्त्यापलीकडं राजश्रीही तोंडाला पदर लावून हसली. हौसआबा उठून उभे राहिले. आपण का उठलो ते त्यांना कळलं नाही. पण दुसऱ्या कुणी त्यांचं नाव पुकारायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती, आणि नाव पुकारल्यावर पुढं होऊन हात जोडायचे असतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून कांद्याची सालं लागलेले दोन्ही हात त्यांनी जोडले.